व्होल्टेज खाली-वर का होतं?

प्रश्न : गाडी चालू असताना व्होल्टमीटर कधी 12.6, तर कधी 14.8 दाखवतो. अल्टरनेटर (वीज बनवणारं यंत्र) गेला का?

उत्तर : नाही, तो स्मार्ट अल्टरनेटर असणार. ॲक्सिलरेटर दाबलेला असताना संगणक चार्जिंग कमी करतो. पाय काढला, ब्रेक लावला की वाढवतो. तेव्हा वीज गाडीच्या वेगातून मिळते, इंधनातून नव्हे. 350 वॅटच्या विजेसाठी इंजिनावर साधारण 580 वॅटचा भार पडतो, म्हणून ही खटपट.

ब्रेक लावताना मिळणारी ही वीज साठवायला बॅटरीत थोडी जागा रिकामी ठेवतात. स्वस्तात साधी बॅटरी बसवलीत तर ती लवकर मरेल. ईएफबी किंवा एजीएमच घ्या; या बॅटऱ्या सततचं चार्ज-डिस्चार्ज सोसतात. गाण्यांसाठी वेगळा ॲम्प्लिफायर बसवलात तर त्याची अर्थ वायर थेट निगेटिव्ह टर्मिनलला नको, बॉडीला जोडा. नाहीतर त्या टर्मिनलवरच्या, बॅटरीचा करंट मोजणाऱ्या सेन्सरला तो करंट दिसतच नाही. व्होल्टेज गाडी चालू असताना सतत 12.4 च्या खाली राहिलं, तर मात्र अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट तपासा.