दमायच्या आधी बाजूला हो

प्रिय,

तेरा किलोमीटर. तुझ्या पत्रात हा आकडा पाच वेळा आलाय, त्यावरून तो किती सलतोय ते कळलं. समोरून वारा, सहा जणांचा गट, तू सलग तेरा किलोमीटर सगळ्यांच्या पुढे, आणि मागून एकही जण ‘आता मी येतो’ म्हणाला नाही. शेवटी तूच बाजूला झालास. पाचही जण तुझ्या शेजारून सरकत पुढे गेले, शेवटच्या सायकलचा लाल दिवा हाताच्या अंतरावर होता, आणि तुला तो धरता आला नाही. उरलेले सत्तर किलोमीटर एकट्याने काढलेस. कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या ठाण्यावर, पोचलास तेव्हा ते निघायच्या तयारीत होते.

आता तू विचारतोस की माणसं इतकी स्वार्थी असतात का, आणि यापुढे एकट्यानेच चालवावी का.

असतात. पण त्या दिवशी नव्हती. चूक तुझी होती. सगळी नाही, पण निम्म्याहून जास्त. पत्र इथेच मिटून ठेवावंसं वाटलं तर ठेव, उद्या पुढचं वाच.

तू तेरा किलोमीटर पुढे राहिलास हा पराक्रम नाही, ही चूक आहे. ताशी 18 ने धरलं तरी ती चाळीस मिनिटांवर होतात. समोरून एवढा वारा असताना पुढे एक मिनिट राहायचं, फार तर दीड. मी उजव्या पायाची पेडलं मोजतो. शंभर झाली की बाजूला. दम लागलेला असो वा नसो, पाय कितीही हलके वाटोत, शंभर म्हणजे शंभर. दमायच्या आधी बाजूला हो. या पत्रात मला एवढंच सांगायचंय, बाकी सगळं त्याचंच पुराण आहे.

तुला हिशेब आवडतो, म्हणून हिशेब देतो. शांत हवेत तू ताशी 25 ने चाललास तर हवा अंगावर 25 ने येते. समोरून 20 चा वारा सुटला आणि तू 25 चाच हट्ट धरलास तर ती 45 ने येते. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे तो दुप्पट नाही, सव्वातीनपट होतो. हट्ट सोडून 15 वर आलास तरी पायांना जवळपास तेवढीच ताकद लावावी लागते जेवढी शांत हवेत 25 ला लागते. आणि जाताना जे गेलं ते परतीच्या वाऱ्यात भरून निघेल, हा भ्रम नवीन पोरांना हमखास असतो. शंभर किलोमीटर 15 ने गेलास, शंभर 35 ने परत आलास, की सरासरी वाटते 25 ची. घड्याळ बघ. आठ तासांऐवजी साडेनऊ झालेत. वाऱ्यात जास्त वेळ राहिलास, पाठीवर वारा असताना कमी वेळ. तो दीड तास कुणी परत देत नाही.

म्हणूनच तर गट लागतो. नीट चाक धरून, म्हणजे पुढच्याच्या अगदी मागे आडोशाला, बसलेल्याची पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. सहा जणांनी सव्वा-सव्वा मिनिट पुढे काढलं तर प्रत्येकाला सहा मिनिटांवर विसावा मिळतो. असा गट दिवसभर चालतो. त्याऐवजी एकाने चाळीस मिनिटं काढली तर गटाला एक माणूस कमी पडतो, आणि तो माणूस तू असतोस.

पण हे सगळं तुला पुस्तकातही मिळेल. पुस्तकात सहसा न मिळणारी गोष्ट अशी, की गटात सगळ्यात अवघड जागा पुढची नसते. पुढून बाजूला झाल्यावर शेवटचं चाक धरायचं असतं ना, ती. आठव. तू बाजूला झालास, पाय सैल सोडलेस, वेग दोन-तीनने उतरला. तुझ्या मागे होता तो आता पुढे आला. चाळीस मिनिटं आडोशाला बसलेला, ताजातवाना. नकळत त्याने वेग दोनने वाढवला. झाला चार-पाचचा फरक. रांग तुझ्या शेजारून जाते तेव्हा शेवटच्या चाकाच्या चार हात आधीच पुन्हा जोर लावून आत सरकायचं असतं, आणि तेही उघड्या वाऱ्यात, एकट्याने. तीन-चार सेकंदांचं काम. शंभर पेडलं मारून आलेला माणूस ते करतो. तेरा किलोमीटर ओढून आलेला नाही करू शकत. तू त्या तीन सेकंदांत सुटलास, ‘त्यांनी सोडलं’ असं तुला वाटतं. मागे काय झालं ते पाचातल्या एकालाही दिसलं नसणार. वाऱ्यात कानात नुसता घोंगाट असतो, हाक ऐकू जात नाही, आणि समोरच्याच्या चाकावरून नजर हलवायची कुणाची छाती होत नाही.

दिसलं नसणार, हे मी खात्रीने सांगतो. कसं, तेही सांगायलाच हवं.

फार वर्षांपूर्वीची तीनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. तीनशेला वीस तास मिळतात, तुला माहीत आहे. आम्ही चौघे होतो. त्यातल्या एकाने मला सायकल शिकवली होती, म्हणजे गटात चालवणं शिकवलं होतं: अचानक ब्रेक लावायचा नाही, पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक अडकवायचं नाही, खड्डा दिसला की बोटाने दाखवायचा. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठा. शेवटच्या नव्वद किलोमीटरला वारा समोरून आला. तो पुढे होता आणि पुढेच राहिला, वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. आम्ही तिघे मागे गप्प. दोघांचे पाय गेले होते, माझे नव्हते. तो बाजूला झाला, मी पुढे आलो. मीटरवर 19 होते, मी 22 केले. मला अजून आठवतं, मला छान वाटत होतं. हँडल खालून धरलेलं, पाठ सपाट, आणि वाऱ्याला कापत निघालोय असं काहीतरी. पुढच्या कंट्रोलवर सायकल भिंतीला टेकवून मागे वळलो तर दोघेच.

तो शेवटी वेळ संपल्यावर पस्तीस मिनिटांनी पोचला. ‘वारा फार होता’ एवढंच म्हणाला, बाटली भरली, हातमोजे काढून एकात एक घातले आणि बसला. मी काही बोललो नाही. नंतर तो भेटायचा, बोलायचा, माझ्या सायकलची चेन बघून नाक मुरडायचा. पण आमच्याबरोबर लांब अंतराला पुन्हा आला नाही.

आता कुणी म्हणेल, थांबायला हवं होतं. नियमात थांबा असं कुठेच नाही. ब्रेव्हे शर्यत नसते, पण प्रत्येकाचं नोंदीचं कार्ड वेगळं असतं आणि वेळही ज्याची त्याची. शिवाय त्याने पंचवीस मिनिटं पुढे राहायला नको होतं. हे त्यानेच मला शिकवलं होतं. आणि मला दिसलंच नाही. हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. मी ते इतक्या वेळा मांडलेत की पाठ झालेत. तुला ‘चूक तुझी’ म्हणताना मी त्यालाच म्हणतोय की काय, असा संशय तुला आला असेल तर तो मलाही आला. तरी मी शब्द मागे घेत नाही. दमायच्या आधी बाजूला हो. तो झाला असता तर मी 22 केले तरी त्याने चाक धरलं असतं.

आणि मी 19 च ठेवायला हवे होते. हा नियमाचा दुसरा भाग आहे, आणि तो माझ्यासारख्यांसाठी: पुढे आल्यावर मीटरवरचा आकडा वाढू द्यायचा नाही. ताकद जास्त आहे ना? मग तेवढ्याच वेगात दीडशे पेडलं मार. वेग वाढवणं ही मदत नसते.

त्या ब्रेव्हेनंतर मी शंभराची सवय लावून घेतली. लोकांनी काय काय म्हणावं! कामचुकार म्हणाले, ‘वारा पाहून पाठ फिरवतो’ ही म्हण तर एकाने माझ्यावर इतक्या वेळा वापरली की तिचा अर्थच झिजला. एका गटाने मला चक्क बोलावणं बंद केलं. म्हणाले, काका पुढे येतात न येतात तोच मागे. बरं मग? त्या गटातले आता किती जण सहाशेची ब्रेव्हे पूर्ण करतात ते मी मोजत बसत नाही. म्हणजे, मोजलेत एकदा. सांगत नाही.

ट्रॅकवरच्या टीम परसूट या सांघिक सायकल शर्यतीत चार जण चार किलोमीटर पळवतात, आणि संघाचा वेळ पहिल्याच्या चाकावर मोजत नाहीत, तिसऱ्याच्या मोजतात. पहिला कितीही वाघ असला तरी तिसरं चाक रेषा ओलांडेपर्यंत त्याला किंमत नाही. हे ज्याने ठरवलं त्याला वाऱ्याची जाण असणार.

तू लिहिलंस की ‘त्यांनी नंतर थांबून मला घेतलं असतं तरी चाललं असतं’. नसतं चाललं. वाऱ्यात फट पडली की ती भरत नाही. 2013 च्या टूर द फ्रान्सच्या तेराव्या टप्प्यात स्पेनचा सायकलपटू वाल्व्हर्दे एकूण क्रमवारीत दुसरा होता. आडव्या वाऱ्यात मुख्य घोळका फुटत असताना त्याच्या सायकलचं चाक निकामी झालं. संघातले बरेच सहकारी त्याच्यासाठी मागे आले, सगळ्यांनी मिळून ओढलं, तरी पुढचे सापडले नाहीत. संध्याकाळपर्यंत जवळजवळ दहा मिनिटं गेली. जगातले उत्तम पाय, मोकळा केलेला रस्ता, आणि तरी. तिथे तुझ्या-माझ्या पायांची काय कथा? जे काय करायचं ते फट पडायच्या आधी. म्हणजे पुन्हा तेच. बाजूला हो. लवकर.

आडव्या वाऱ्याचं वेगळं लिहिणार होतो, पण ते कागदावर शिकता येत नाही, म्हणून थोडक्यात. वारा डावीकडून असेल तर आडोसा बरोबर मागे नसतो, मागे आणि जरा उजवीकडे असतो. पुढून उतरताना वारा येतो त्या बाजूला उतरायचं, म्हणजे मागून पुढे येणाऱ्यांना तुझा आडोसा मिळतो. आणि वाहतुकीच्या रस्त्यावर टीव्हीवरच्यासारखी तिरकी रांग पसरायची नाही. दोघे-तिघे मावतात तेवढेच, बाकीच्यांनी मागे आपली वेगळी तिरकी रांग करायची. कडेच्या पांढऱ्या रेषेवर एकामागे एक लटकलेल्यांना आडोसा मिळत नाही, नुसतं समाधान मिळतं. मोठा ट्रक शेजारून जाताना वारा क्षणभर बंद होतो आणि ट्रक गेला की थप्पड मारतो. तेव्हा कोपर सैल ठेव, हँडल आवळू नकोस.

पत्राच्या शेवटी तू पॉवर मीटरचा, म्हणजे पायांची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख जोडलायस, त्या तेरा किलोमीटरचा. सुंदर आहे. शेवटच्या चार किलोमीटरला रेघ कशी उतरत गेलीय बघ. नवव्या किलोमीटरलाच तू संपला होतास. पुढचे चार तू कुणासाठी ओढलेस? मागच्यांसाठी नक्की नाही. त्यांचा वेग तुझ्यामुळे उतरत होता आणि ते बिचारे मनात म्हणत असणार, हा हलत का नाही. कोपर हलवून ‘ये पुढे’ अशी खूण केलीस का, हे पत्रात कुठेच नाही. मी दोनदा शोधलं. कुणी येत नाही अशी तक्रार आहे, बोलावल्याची नोंद नाही. हे मला चीड आणणारं आहे, कारण मी पण नाही बोलावलं कधी, तुझ्या वयात. बोलावणं म्हणजे हरणं वाटायचं.

पाय कसे आहेत? गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय असं लिहिलंस, तर आठवडाभर हलक्या गियरवरच चालव आणि सीटची उंची मला एकदा दाखव. त्या पाच जणांपैकी एकाने, कोण ते सांगत नाही, परवा मला फोन करून तुझी चौकशी केली. त्याला वाटत होतं की तू रागावून मुद्दाम मागे राहिलास.

येत्या रविवारी वारा आहे. ते पाचही येतायत, मीही येतोय. माझ्या पुढच्या चाकाच्या पुढे तुझं मागचं चाक, हे ठरलं. तू पुढे असताना मोजायचं काम माझं. शंभर झाली की ओरडीन. ऐकू आलं नाही तर सरळ घंटी वाजवीन, हल्ली मी हँडलला जुनी पितळी लावून घेतलीय, पोरं हसतात. वाजली की कोपर हलव आणि वाऱ्याच्या बाजूला उतर. मग पुढे कोण येतो ते बघू.

तुझा,
काका