कोकणातल्या मातीवर संशोधन करायचं असेल तर

तुमचा प्रश्न असा: बीएस्सी वनस्पतिशास्त्र झालंय, घर गुहागरकडे, मातीतली जीवसृष्टी आणि हवामानबदल यांवर संशोधन करायचंय, कोकणात राहून जमेल का?

जमेल. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात मृदाशास्त्राची एमएस्सी आहे, पण तिथे सहसा बीएस्सी कृषी लागते. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा. तुमच्यासाठी सरळ वाट म्हणजे पर्यावरणशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्रात एमएस्सी, मग नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. तिच्यातून जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, वर घरभाडे भत्ता. पीएचडीची नोंदणी मुंबईत किंवा पुण्यात असली तरी शेतातलं काम गुहागरात करता येतं.

विषय मात्र जागेवरून ठरवा. माझं मत विचाराल तर खारभूमी, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली जमीन घ्या. बांध फुटून खारं पाणी भातखाचरात शिरलं की जिवाणू, गांडुळं आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या जीवांपासून मातीत साठलेला कार्बन) यांचं काय होतं, हा प्रश्न समुद्रपातळीशी थेट जोडलेला आहे. पनवेलला विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्रही आहे. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर काम सोपं वाटतं, पण तिथे 15 सेंटिमीटर खोल नमुना घ्यायला मातीच पुरत नाही.

खाजणात, म्हणजे अशा खाऱ्या जमिनीत, फसगत होते ती कर्बाच्या चाचणीत. नेहमीच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत कर्ब मोजायला डायक्रोमेट हे रसायन वापरतात; मिठातलं क्लोराइड ते खाऊन टाकतं आणि कर्ब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. त्यासाठी गंधकाम्लात सिल्व्हर सल्फेट घालतात. पाणथळ मातीतलं फेरस लोहही हीच गडबड करतं. माती हवेत वाळवली की त्याचं बरंचसं रूप बदलतं आणि गडबड कमी होते. पण सूक्ष्मजीवांच्या चाचण्यांना वाळलेली माती चालत नाही. म्हणून बांधावरच नमुन्याचे दोन भाग करा: एक सावलीत वाळवायला, दुसरा बर्फाच्या डब्यातून नेऊन 4 अंशांवर ठेवायला. कर्बाचा साठा काढायला मातीची घनताही (ग्रॅम प्रति घनसेंमी) लागते. कर्ब टक्के × घनता × खोली (सेंमी) म्हणजे हेक्टरी टन. उदाहरणार्थ, 1.5 × 1.2 × 15 = 27 टन. वरकस (उताराच्या हलक्या) जमिनीत 2 मिलिमीटरवरचे खडे वजा केले नाहीत तर हा आकडा फुगतो.

खाचरातून निघणारा मिथेन वायू मोजायचा असेल तर तो साठवायला मातीवर बंद पेटी ठेवतात; तिची खालची चौकट आदल्या दिवशीच चिखलात बसवा आणि फळीवर उभं राहून 0, 15, 30 मिनिटांनी सिरिंजने वायू घ्या. पाय चिखलात रुतला की बुडबुडे सुटतात आणि मोजमाप वाया जातं. वायू तपासायला गॅस क्रोमॅटोग्राफ हे वायू वेगळे करून मोजणारं यंत्र लागतं. ते सगळीकडे नसतं, म्हणून मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांच्या यादीआधी हे यंत्र चालू आहे का, आणि बाहेरच्या नमुन्यामागे किती पैसे घेतात, ते विचारा. मार्गदर्शकांना ईमेल एक पानाचीच लिहा: जागा, नमुन्यांची संख्या, चाचण्या, खर्च.