भावाच्या आजाराचं औषध शोधायला बहिणीला पाठवू नका

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, दहावीला ९४ टक्के होते. मोठ्या मुलाला चार वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. जनुकं बदलून स्किझोफ्रेनिया झालेले उंदीर तयार करतात आणि त्यांच्यावर औषधं शोधतात, असं वाचनात आलं. मुलीने याच संशोधनात जावं असं मी ठरवलं आहे. ती मात्र संख्याशास्त्र घेते म्हणते. परवा तिने विचारलं, "बाबा, मलाही होईल का हा आजार?" मी म्हटलं, म्हणूनच तर तू संशोधन करायचंस. कोणता कोर्स योग्य? - एक वडील

उत्तर : कोर्सचं नंतर बघू. पत्रातला खरा प्रश्न मुलीचा आहे आणि त्याचं उत्तर तिला मिळालेलंच नाही. 'मलाही होईल का' असं विचारणारी मुलगी घाबरलेली असते. तिला तुम्ही करिअर सांगून मोकळे झालात.

तर आधी तिचं उत्तर. सर्वसाधारणपणे शंभरातल्या एखाद्याला आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. सख्ख्या भावंडाला असेल तर हे प्रमाण शंभरात आठ-दहाच्या आसपास जातं. म्हणजे तिची भीती उगाच नाही. पण अशा भावंडांतल्या नव्वदएक जणांना तो होत नाही. हे तिला मुलाच्या मानसोपचारतज्ज्ञांकडून ऐकू द्या, आणि त्या वेळी तुम्ही बाहेर बसा. भाऊ आजारी असलेल्या घरातली समंजस मुलं स्वतःची भीती सहसा बोलून दाखवत नाहीत, आईवडिलांच्या डोक्याला आणखी एक काळजी नको म्हणून. तिने विचारलं हेच पुष्कळ.

भावाला बरं करण्याची जबाबदारी तुम्ही तिच्यावर प्रेमापोटीच टाकली असेल, पण टाकली आहे. उद्या तिचा प्रयोग फसला (बहुतेक प्रयोग फसतातच) तर तिला आपण भावाला फसवलं असं वाटत राहील. शिवाय पीएचडी हातात पडेपर्यंत ती तिशीला टेकलेली असेल. मुलाला उपचार आज हवे आहेत, आणि ते आज मिळतातही.

आता ते 'स्किझोफ्रेनिया झालेले उंदीर'. असे उंदीर नसतात. आपल्याला प्रत्यक्षात नसलेले आवाज ऐकू येतात की नाही, कुणी आपल्या वाईटावर टपलंय असं वाटतं की नाही, ही या आजाराची लक्षणं उंदीर सांगू शकत नाही. प्रयोगशाळेत असतो तो एखादं जनुक बंद केलेला किंवा गुणसूत्राचा तुकडा गाळलेला उंदीर. हे तंत्र घडवणाऱ्या कापेक्की, इव्हान्स आणि स्मिथीज यांना २००७ चं नोबेल मिळालं. क्रिस्पर या जनुकं हव्या त्या जागी कापण्याच्या नव्या तंत्राने ते आणखी सोपं केलं. माणसाच्या २२व्या गुणसूत्राचा एक विशिष्ट छोटा तुकडा जन्मतः गळालेला असेल, तर अशा चौघांतल्या सुमारे एकाला पुढे स्किझोफ्रेनियासारखा आजार होतो. त्या तुकड्यातली बहुतेक जनुकं उंदरात १६व्या गुणसूत्रावर असतात. ती काढली की नुकतंच पाहिलेलं क्षणभर ध्यानात ठेवणं उंदराला जड जातं, आणि हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला स्मरणाशी निगडित भाग व मेंदूचा पुढचा भाग यांचं एकमेकांशी नीट जुळत नाही. ही माहिती मोलाची आहे, पण आजाराच्या एका धाग्यापुरती. २०२२ च्या मोठ्या अभ्यासात स्किझोफ्रेनियाशी जोडलेल्या जनुकीय जागा २८७ निघाल्या, आणि त्यातल्या बहुतेकींचा वाटा अगदी किंचित. हे सगळं एका उंदरात कसं बसवणार? फ्रॅजाइल एक्स हा बौद्धिक वाढ अडवणारा विकार तर एकाच जनुकामुळे होतो. त्याचा उंदीर १९९४ मध्ये तयार झाला, उंदरांवर औषधांचे परिणाम आशादायक दिसले, आणि वीसेक वर्षांनी माणसांवरच्या चाचण्यांत तीच औषधं अपेक्षेला उतरली नाहीत. संशोधन वाया गेलं असं मी म्हणत नाही. तुम्ही मनात धरलेलं वेळापत्रक चुकीचं आहे, एवढंच.

रोजचं काम काय असतं, याची चौकशी केलीत? पिल्लं तीन आठवड्यांची झाली की आईपासून वेगळी करायची, कानाचा बारीक तुकडा घेऊन पीसीआर करायचा (म्हणजे जनुक बदललंय का ते डीएनएवरून तपासायचं), सुट्टीच्या दिवशीही पिंजरे बघायचे, आणि प्रयोग संपला की बहुतेक वेळा उंदीर मारून मेंदूचे काप घ्यायचे. काहींना हे कधीच जमत नाही, त्यात कमीपणा काही नाही. पण ज्याला करायचंय त्याला आधी माहीत हवं.

मार्ग विचारलाच आहे म्हणून : आयसर आणि नायसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांच्या प्रवेशपरीक्षा (आयसरची आयएटी, नायसरची नेस्ट), नाहीतर साधी बीएस्सी आणि पुढे एमएस्सी-पीएचडी. बायोटेकचीच पदवी हवी असं नाही.

पण तिला संख्याशास्त्र घेऊ द्या. वरचा २८७ हा आकडा संख्याशास्त्राशिवाय निघालाच नसता, हे खरं. मात्र हे वाक्य घेऊन तिच्याकडे धावू नका. 'मग आकडेमोडीतून दादाचा आजार शोध' म्हणालात तर ओझं तेच, फक्त पिशवी बदलली.

मुलगा औषधं नियमित घेतो का, दिवसभर काय करतो, पुनर्वसनाचा विचार झालाय का, यावर तुमच्या पत्रात एक ओळ नाही. अशा रुग्णांच्या कुटुंबीयांचे स्वमदत गट असतात, डॉक्टरांना विचारून तिथे जायला लागा. आणि पुढचं पत्र मुलीला लिहू द्या. पाठवण्याआधी वाचायला मागू नका.