ऑडिओ करून टाक

तुझं पत्र दोनदा वाचलं. इलेक्ट्रॉनिक संगीत करायला यंत्रं घेऊ की कॉम्प्युटरवरच करू, असं विचारतोयस, पण त्यात 'सेटअप' हा शब्द अकरा वेळा आलाय आणि तू केलेल्या एकाही ट्रॅकचा उल्लेख नाही. रागावू नकोस. तुझ्या वयात माझीही वही अशाच याद्यांनी भरलेली असायची.

हार्डवेअर की सॉफ्टवेअर, याचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. लॅपटॉप आहे ना? त्यावरच सुरू कर. एबलटन असो, रीपर असो, गाणं रेकॉर्ड करून जुळवायचं कुठलंही एक सॉफ्टवेअर. सिंथ, म्हणजे विजेवर सूर घडवणारं वाद्य, तेही एकच, सॉफ्टवेअरमधलं: व्हायटल घे किंवा सर्ज एक्सटी, दोन्ही फुकट मिळतात. बरे हेडफोन आणि चार नॉब असलेला छोटा मिडी कीबोर्ड, जो स्वतः वाजत नाही, कोणती पट्टी दाबली एवढंच लॅपटॉपला कळवतो. झालं. आता खरं बोलू.

सॉफ्टवेअर 'हाताला लागत नाही' असं लिहिलंयस. बफर, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी लॅपटॉप करतो तो साठा, किती ठेवलायस? सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, म्हणजे आवाजाचे तुकडे, या रेटला ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे जवळजवळ १२ मिलिसेकंद उशीर. तेवढ्या वेळात आवाज हवेतून चार मीटर जातो. म्हणजे तू पट्टी दाबतोयस इथे आणि स्पीकर खोलीच्या पलीकडच्या भिंतीला. १२८ वर आण, तीन मिलिसेकंदांच्या आत येशील. ड्रायव्हर आणि इंटरफेस आपला थोडा वेळ वर खातातच, पण फरक बोटांना कळेल. एवढं तपासल्याशिवाय पुन्हा ते वाक्य मला लिहू नकोस.

माझ्याकडे एक जुना ॲनालॉग सिंथ आहे. त्याला मेमरी नाही. नॉब जिथे आहेत तोच पॅच, म्हणजे तोच आवाज. एका रात्री त्यातून एक बेस, म्हणजे खर्जातला आवाज, निघाला. फिल्टर म्हणजे आवाज गाळणारी चाळणी; तिची सीमा, म्हणजे कटऑफ, अर्ध्याच्या जरा अलीकडे, त्या सीमेजवळचा आवाज उठावदार करणारा रेझोनन्स बराच वर, आणि फिल्टर किती वेळात उघडून मिटतो ते ठरवणारं एन्व्हलप इतकं आखूड की प्रत्येक सूर टिचकी मारल्यासारखा फुटायचा. मी काय करावं? फोटो काढला, नॉबांच्या कडेला पांढऱ्या पेन्सिलीने खुणा केल्या आणि झोपायला गेले. सकाळी नॉब खुणांवर आणि बेस गायब. कुठे केसाएवढा फरक पडला असेल, शिवाय रात्री तापलेली मशीन सकाळी थंडगार, आणि असल्या ऑसिलेटरचा (मूळ सूर काढणारा भाग तो) सूर तापमानाबरोबर सरकतो. महिनोन्‌महिने त्या मशीनला शिव्या घातल्या. तिचा काय दोष? रेकॉर्डचं बटण माझ्या डाव्या हाताशी होतं. दोन मिनिटांचं काम होतं.

म्हणून सांगते, ऑडिओ करून टाक, म्हणजे रेकॉर्ड करून आवाज पक्का कर. आवाज आवडला की त्याच क्षणी.

पुढे मी सॉफ्टवेअरकडे वळले, तर तिथे उलटाच रोग. काहीच हरवत नाही, म्हणून काहीच ठरत नाही. मिडीची नोट ही नुसती सूचना, ती कधीही हलवता येते, प्लगइन, म्हणजे वरून जोडलेला सिंथ किंवा इफेक्ट, कधीही बदलता येतं, मग बदलतच बसायचं. एका किक ड्रमवर मी तीन आठवडे घालवलेत. फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल दोन', 'फायनल खरंच' अशा फायली, आणि एकही ऐकवण्याजोगी नाही. हे सुटलं ते ट्रॅक ऑडिओ करून मूळ प्लगइन बंद करायला लागले तेव्हा. रेकॉर्ड झालेल्या आवाजाची लाटेसारखी ती आकृती पडद्यावर समोर आली की बोटं मुकाट कापायला, जोडायला लागतात. चुकलं तर चुकलं! पुढचा ट्रॅक आहेच.

हार्डवेअरच्या बाजूने तू टीबी-३०३ या बेसच्या छोट्या सिंथचा दाखला दिलास. रोलँड या जपानी कंपनीने ते १९८१मध्ये काढलं, गिटारवाल्याला सरावासाठी बेसची साथ मिळावी म्हणून. खऱ्या बेस गिटारसारखं ते कधी वाजलंच नाही आणि १९८४मध्ये बंद पडलं. मग शिकागोच्या पोरांना ते जुन्या मालात स्वस्तात सापडलं, पॅटर्न फिरत ठेवून त्यांनी नॉब पिळले, आणि १९८७मध्ये त्यातून ॲसिड हाउस हे नाचाचं संगीत रेकॉर्डवर उतरलं. ही गोष्ट जो तो हार्डवेअरची वकिली करायला सांगतो. मला त्यात एकच दिसतं: टेप चालू होती. ती नसती तर काही पोरांची एक मजेदार संध्याकाळ, एवढंच उरलं असतं.

मग ताई, तू तो सिंथ विकून का टाकत नाहीस, असं विचारशील. लोकांना मी सांगते की साधा मिडी नॉब १२८ पायऱ्यांत चालतो, फिल्टर सावकाश उघडताना त्या पायऱ्या कानाला लागतात, आणि याचा फिल्टर कसा लोण्यासारखा उघडतो. बरीच प्लगइन त्या पायऱ्या घासून गुळगुळीत करतात, हे मला ठाऊक आहे. पण पेन्सिलीच्या त्या खुणा अजून तिथेच आहेत आणि मला पुसवत नाहीत.

तुलाही पुढे एखादं यंत्र घ्यावंसं वाटेल. घे की. पण आधी दहा ट्रॅक पुरे कर, म्हणजे हाताला नेमकं काय कमी पडतंय ते यादी न करता कळेल. सिक्वेन्सर (ठरवलेले सूर आपोआप वाजवत राहणारं यंत्र) हवाय की नुसता एक चांगला फिल्टर, हे दुकानात उभं राहून ठरत नसतं.

पुढच्या पत्राबरोबर सेटअपचा फोटो पाठवू नकोस. प्रोजेक्ट फाइलही नको, मी उघडणार नाही. एक स्टीरिओ वेव्ह फाइल पाठव. तीन मिनिटांची, शेवट असलेली. वाईट असली तरी चालेल.

तुझी,
ताई