रेतनानंतर गाय माजावर आली नाही, म्हणजे गाभणच का? आणि व्याल्यावर पुन्हा रेतन कधी करावं?

गाभणच असेल असं नाही. माजाचं चक्र साधारण 21 दिवसांचं. त्या सुमारास पुन्हा माज दिसला नाही तर आशा धरा, एवढंच. मुका माज (बाहेरून लक्षणं न दिसणारा) नजरेतून सुटतो, उलट काही गाभण गाईही माजाची लक्षणं दाखवतात. सोनोग्राफीत महिन्याभरात कळतं. हाताने तपासणी जाणत्या पशुवैद्याकडून साधारण 60 दिवसांनी करून घ्या. रिकामी निघाली तर निदान पुढचा माज तरी वाया जात नाही.

व्याल्यावर गर्भाशय पूर्ववत व्हायला सुमारे 40 दिवस लागतात, म्हणून 60 दिवसांनंतरचा माज धरा. जार (वार) अडकला होता किंवा गाय फार खंगली असेल, तर आधी उपचार.