वाचकांचे प्रश्न : फ्रॉइडशी पत्रातून वाद घालणारे बोस

प्रश्न : मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याच्या हयातीत भारतात मनोविश्लेषण (मनात दडपलेल्या इच्छा उघड करून मनोविकारांवर करायचा उपचार) करणारे कोणी होते का? असल्यास ते फ्रॉइडचे केवळ अनुयायी होते, की त्यांचा स्वतंत्र विचार होता?

उत्तर : होते, आणि त्यांना केवळ अनुयायी म्हणणे अन्यायाचे होईल. कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस (१८८७–१९५३) यांना तरुणपणापासून जादू आणि संमोहनाचा नाद होता. वैद्यकी सांभाळून त्यांनी कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९२१ मध्ये दमनाच्या, म्हणजे नकोशा इच्छा नेणिवेत (मनाच्या जाणिवेबाहेरच्या भागात) दडपल्या जाण्याच्या, संकल्पनेवरील प्रबंधासाठी डी.एस्सी. पदवी मिळवली. हा प्रबंध त्यांनी व्हिएन्नाला फ्रॉइडकडे धाडला आणि तेथून सुरू झालेला पत्रव्यवहार १९३७ पर्यंत चालला. भेट मात्र एकदाही झाली नाही. १९२२ मध्ये त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली, तिचा पत्ता त्यांच्या राहत्या घराचाच होता : १४, पारशीबागान लेन.

फ्रॉइडशी त्यांचा मतभेद मुळातच होता. बोस यांच्या मते प्रत्येक इच्छेसोबत तिची विरुद्ध इच्छाही मनात असते. मारण्याच्या इच्छेबरोबर मार खाण्याचीही असते, आणि दोन्ही एकाच वेळी पुऱ्या होणे शक्य नसल्यामुळे त्यांतली एक नेणिवेत ढकलली जाते. म्हणून उपचार करताना ते रुग्णाला कल्पनेने समोरच्या व्यक्तीच्या भूमिकेत शिरायला लावत, म्हणजे मारणाऱ्याने मार खाणारा व्हायचे, जेणेकरून दडपलेली बाजू वर येई. आपल्या भारतीय पुरुष रुग्णांमध्ये युरोपीय रुग्णांपेक्षा स्त्री होण्याची इच्छा अधिक सहज प्रकट होते, आणि फ्रॉइड ज्याला फार महत्त्व देई ते लिंगच्छेदाचे भय तितके ठळक दिसत नाही, असेही त्यांनी नोंदवले. हे भय तुम्ही कमी लेखता, असे फ्रॉइडने १९२९ मधील पत्रात त्यांना स्पष्ट कळवले. तरी बोस आपल्या मतावरून हटले नाहीत. दुरावा मात्र आला नाही. फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला, १९३१ मध्ये, कलकत्त्याहून गेलेली हस्तिदंती विष्णुमूर्ती फ्रॉइडने आपल्या लिहिण्याच्या टेबलावर मानाने ठेवली. (त्याआधी बोस यांचे चित्रकार मित्र जतींद्रकुमार सेन यांनी फ्रॉइडला न पाहताच त्याचे चित्र काढून पाठवले होते; त्यात आपण अगदी इंग्रज दिसतो, अशी फ्रॉइडची मिस्कील तक्रार होती.)

बोस यांनी मातृभाषेत केलेले लेखन बंगालबाहेर फारसे पोहोचले नाही, ही खेदाची गोष्ट आहे. ‘परशुराम’ या टोपणनावाने गाजलेले विनोदी लेखक राजशेखर बोस हे त्यांचे थोरले बंधू. गिरींद्रशेखरांनी बंगालीत स्वप्नांवर ग्रंथ लिहिला, पुराणांचा आणि गीतेचा अभ्यास मांडला, आणि मुलांसाठी ‘लालकालो’ हे तांबड्या आणि काळ्या मुंग्यांच्या युद्धाचे पुस्तकही लिहिले.