ऑनलाइन भांडणात समोरचा सरळसरळ खोटं बोलत असेल तर त्याच्या वजनावरून ऐकवलं तर काय बिघडलं?

बिघडतं, कारण "आधी स्वतःचं पोट बघ" म्हटल्याने त्याचं खोटं उघडं पडत नाही, ते जिथल्या तिथेच राहतं आणि वाचणाऱ्याला एवढंच दिसतं की तुमचे मुद्दे संपले म्हणून तुम्ही गुद्द्यांवर आलात. शिवाय वजन म्हणजे नुसतं खाणं आणि आळस नाही हो, त्यात आई-वडिलांकडून आलेली जनुकं असतात, थायरॉईड, पीसीओएस (बायकांमधला हार्मोन्सचा एक त्रास), स्टेरॉईड, मानसिक आजारावरची काही औषधं, यातलं काय आहे ते स्क्रीनवरून कळत नाही. 2020 मध्ये नेचर मेडिसिन या जर्नलमध्ये बऱ्याच देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून एक निवेदन छापलं, त्यात स्पष्ट आहे की वजनावरून हिणवल्याने शरीराला आणि मनाला दोन्हीकडे त्रास होतो आणि अशा लोकांना नीट उपचारही कमी मिळतात. आणि ज्याला तुम्ही बोललात तो कदाचित सोडून देईल, पण तीच कमेंट वाचणारी तशाच अंगाची दुसरी कोणीतरी, जिचा या भांडणाशी काही संबंध नाही, ती आपलं अर्धं टाईप केलेलं मत पुसून टाकते आणि परत तिथे लिहितच नाही, मला हे फार लागतं. राग आला तर कमेंटमधून शरीराबद्दलचे शब्द काढा आणि जे उरेल तेवढंच टाका.

फक्त विषयच वजनाचा असेल, म्हणजे कोणी "ही पावडर घ्या, आठवड्यात बारीक व्हा" असं विकत असेल, तर पुरावा जरूर मागा, पण त्या दाव्याचा, त्याच्या कमरेच्या मापाचा नाही.